कान वाजतात आणि थांबत नाहीत: सजगतेच्या सरावाबद्दल नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत प्रेसशॉपमध्ये माझी २४ वर्षं गेली. कंपनीने दिलेले इअरप्लग ड्रॉवरमध्येच पडून असायचे, कारण ते घातले की शेजारच्याची हाक ऐकू यायची नाही. त्याचं फळ म्हणून कानात बारीक शिट्टी आहे, डाव्या कानात जास्त. ९ वर्षं झाली, ती एक मिनिट थांबलेली नाही. पहिली दोन वर्षं फार वाईट गेली. मग ओळखीतून एका मानसशास्त्रज्ञ बाईंच्या सजगतेच्या, म्हणजे माइंडफुलनेसच्या, ८ आठवड्यांच्या वर्गाला जाऊन बसलो. तेव्हापासून कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, लग्नाच्या पंगतीत, रात्री साडेदहाला फोनवर लोक मला तेच ते विचारतात, म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी डॉक्टर नाही. तपासण्या आणि औषधांबद्दल जे लिहिलंय ते वैद्यकीय संस्थांच्या जाहीर मार्गदर्शक सूचनांमधलं आहे. बाकीचं अंगावर काढलेलं आहे.

माइंडफुलनेसने कानातला आवाज बंद होतो का?

नाही. कोणी तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

मग त्याचा उपयोग काय?

कान वाजण्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. एक आवाज, आणि दुसरा त्या आवाजाचा जाच. आपल्याला वाटतं आवाज मोठा म्हणून जाच मोठा. तपासणीत मात्र तसं निघत नाही. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ, हेडफोनमधून वेगवेगळे सूर ऐकवतात आणि तुमच्या कानातल्या आवाजाशी कोणता जुळतो ते विचारतात. बहुतेकांचा आवाज त्यांच्या ऐकू येण्याच्या उंबरठ्यापेक्षा थोडासाच वर भरतो. माझाही तसाच भरला. मला तर तो चाकणच्या हायवेवरच्या ट्रकच्या हॉर्नएवढा वाटत होता! तेवढ्याच मापाचा आवाज असलेला एक माणूस निवांत शेती करतो आणि दुसऱ्याची झोप, नोकरी, संसार सगळं विस्कटतं.

हा जो दुसरा भाग आहे, म्हणजे भीती, चिडचिड, ‘आता जन्मभर असंच का’ हा घोर, त्यावर सजगतेचा सराव काम करतो. आवाज आहे तिथेच राहतो, त्याच्याशी चाललेली झोंबाझोंबी कमी होते. आणि ती कमी झाली की दिवसातले बरेच तास आवाजाची आठवणही राहत नाही.

आवाज येतो तरी कुठून? कानात तर काही नाही म्हणाले.

आतल्या कानात शंखासारखी एक पोकळी असते, तिच्यात केसांसारख्या नाजूक पेशी असतात. मोठ्या आवाजाने, वयाने किंवा काही औषधांनी त्या मेल्या की परत येत नाहीत. मग मेंदूकडे जाणारा आवाजाचा पुरवठा त्या पट्टीत कमी पडतो. रेडिओवर स्टेशन नीट लागत नसलं की आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि खरखरच मोठी होते. मेंदूही साधारण तेच करतो असं आज मानलं जातं. म्हणून तर पूर्वी काही रुग्णांची ऐकण्याची नस कापूनही त्यांचा आवाज गेला नव्हता.

थोडी खरखर सगळ्यांतच असते, ही गंमत मला फार उशिरा कळली. १९५३ साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी ऐकू उत्तम येणाऱ्या ८० माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांनी काही ना काही ऐकू आल्याचं सांगितलं. तेही रातकिडे, शिट्टी, गुणगुण असंच, आपल्यासारखं.

मग आपल्यालाच ते का टोचतं? पावेल यास्ट्रेबॉफ या संशोधकाने १९९० मध्ये याचा एक नकाशा मांडला. मेंदूने एकदा त्या आवाजावर ‘धोका’ असा शिक्का मारला की भीतीची यंत्रणा जागी होते, छातीत धडधड, अंगात ताण. ताण आला की मेंदू धोक्याकडे आणखी कान लावतो. कुत्रा भुंकला म्हणून घाबरायचं, आणि आपण घाबरलो म्हणून कुत्रा आणखी भुंकणार. सजगतेचा सराव या चक्रात नेमका तिथे पाय घालतो, जिथे शिक्का मारला जातो.

आधी डॉक्टरला दाखवू की आधी हा सराव सुरू करू?

आधी कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी. यात तडजोड नाही. कधीकधी कानात नुसता मळ असतो, तो काढला की संपलं. ध्यानाने मळ निघत नाही.

आणि काही बाबतीत तर आठवडाभरही थांबू नका. एका कानाने अचानक, म्हणजे तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येणं कमी झालं तर ती तातडीची बाब आहे. त्यावर स्टिरॉइड देतात आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत, जितकं लवकर तितकं बरं. लोक ‘सर्दीने कान बसला असेल’ म्हणून महिना घालवतात आणि ऐकू येणं कायमचं जातं. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धप धप असा येत असेल, फक्त एकाच कानात असेल, सोबत चक्कर असेल, चेहऱ्याची एक बाजू ओढल्यासारखी झाली असेल किंवा डोक्याला मार लागल्यावर सुरू झाला असेल, तरीही दाखवाच. माझा डाव्या कानात जास्त म्हणून एमआरआय करायला लावला होता. काही निघालं नाही, पण मनातली एक शंका कायमची गेली, आणि ती गेल्याशिवाय सराव नीट होत नाही हे माझं मत.

चालू असलेल्या औषधांची यादीही दाखवा. क्षयरोगाची काही इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लॅटिन, मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन, यांनी कान वाजू शकतात. स्वतःहून मात्र काही बंद करू नका.

डॉक्टर म्हणाले, ‘यावर काही नाही, सवय करून घ्या.’ आता?

मलाही एकांनी हेच सांगितलं होतं, दीड मिनिटात, पुढच्या पेशंटला हाक मारता मारता. घरी येईपर्यंत मी रडकुंडीला आलो होतो. आता वाटतं, त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर होतं. सवय होते. पण सवय कशी करायची हे सांगायला अर्धा तास लागतो आणि तो कोणाकडे नसतो. सवय व्हायला अडथळा कशाचा येतो ते ओळखणं आणि तो अडथळा काढणं, एवढंच हे प्रशिक्षण आहे.

सगळे म्हणतात ‘तिकडे लक्ष देऊ नका’. तुम्ही म्हणता लक्ष द्या. कोणाचं ऐकू?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळी गोम इथेच आहे.

‘लक्ष देऊ नका’ हे करून बघा. लक्ष जात नाही ना, हे बघायला पुन्हा तिकडेच बघावं लागतं. मी सकाळी डोळे उघडायच्या आधी तपासायचो, आहे का गेला. आंघोळीनंतर तपासायचो. टीव्ही बंद केला की तपासायचो. दिवसातून शंभर वेळा तरी असेल. म्हणजे दुर्लक्ष करण्याच्या नादात मी त्या आवाजावर चोवीस तास पहारा बसवला होता.

सजगतेत लक्ष द्यायचं म्हणजे पहारा द्यायचा नाही. फरक असा. पहारेकरी बघतो तो पकडायला, हाकलायला. आपण गोदाकाठी पायरीवर बसून पाणी बघतो तेव्हा पाणी जावं किंवा राहावं असं काहीच मनात नसतं. तसं त्या आवाजाकडे बघायचं. त्याची पट्टी कशी आहे? सलग आहे की तुटक? डोक्याच्या आत वाटतो की बाहेर? आणि त्याच वेळी खांदे कुठे आहेत, जबडा आवळलेला आहे का, मनात कोणतं वाक्य चाललंय? बऱ्याचदा असं दिसतं की आवाजापेक्षा ते वाक्यच मोठं आहे. ‘हे असंच वाढत गेलं तर मी वेडा होईन’ हे माझं वाक्य होतं. ते वाक्य आहे, बातमी नाही, हे कळायला मला पाच आठवडे लागले.

वर्गात नेमकं करवून काय घेतात?

याची मूळ पद्धत अमेरिकेतली. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांनी हैराण झालेल्यांसाठी ८ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. पुढे तिघा मानसशास्त्रज्ञांनी, सीगल, विल्यम्स आणि टीसडेल यांनी, त्यात विचारांवर काम करणाऱ्या थेरपीची जोड दिली. ती मुळात पुन्हा पुन्हा नैराश्य येणाऱ्यांसाठी होती. कान वाजणाऱ्यांसाठी हीच जोडपद्धत वापरतात. आठवड्यातून एकदा दोन तासांच्या आसपासचा वर्ग आणि रोज घरी अर्धा-पाऊण तास सराव.

पहिल्या दिवशी बाईंनी प्रत्येकाच्या हातावर एक बेदाणा ठेवला. तो बघायचा, बोटांत फिरवायचा, वास घ्यायचा, कानाजवळ धरायचा, मग सावकाश चावायचा. मूळ अभ्यासक्रमातच आहे हे. पण द्राक्षांच्या जिल्ह्यात, समोर पिंपळगावचे दोन बागायतदार बसलेले असताना! त्यातले एक म्हणाले, “मॅडम, आयुष्यभर पिकवलं, खाऊन आज बघितलं.” मला तेव्हा हे सगळं पोरखेळ वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

पुढे झोपून शरीरभर क्रमाक्रमाने लक्ष फिरवणं, श्वासावर बसणं, सावकाश चालणं, आजूबाजूचे आवाज ऐकणं, विचारांना विचार म्हणून ओळखणं. आणि दिवसात कुठेही करता येणारा तीन मिनिटांचा थांबा. तो मी द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये शिकलो, तिथे तीन मिनिटं कमीत कमी मिळतातच.

वर्ग लगेच मिळाला नाही तर घरी कुठून सुरू करू?

पायांपासून. खरंच. कान वाजणाऱ्याने पहिल्या दिवशी आवाजाशी कुस्ती धरू नये.

खुर्चीत बसा, तळपाय फरशीवर. खोलीत पंखा चालू असू द्या, खिडकी उघडी असू द्या. डोळे मिटायचेच असं काही नाही, समोर जमिनीवर नजर टाकली तरी चालेल. तळपायाला फरशी कशी लागते ते बघा: गार, खडबडीत, टाचेवर जास्त वजन की चवड्यावर. दोन-तीन मिनिटांत मन आवाजाकडे पळेल. पळालं की स्वतःला शिव्या न देता परत पायाशी आणायचं. सराव म्हणतात तो हाच, ते परत आणणं. मन पळालं म्हणजे चुकलं असं नाही. व्यायामशाळेत डंबेल खाली आलं म्हणून कोणी चुकलं म्हणतं का?

दहा मिनिटं रोज, आठवडाभर. दुसऱ्या आठवड्यात पायाबरोबर श्वास, नाकाशी किंवा पोटाशी, जिथे सोपं जाईल तिथे. तिसऱ्यात ऐकण्याचा सराव: बाहेरची रिक्षा, कुकर, कावळा, शेजारच्यांचा मिक्सर. हे आवाज येतात, राहतात, जातात. त्यांना बरं-वाईट न म्हणता येऊ-जाऊ द्यायचं. आणि त्या सगळ्या आवाजांच्या गर्दीत आपल्या शिट्टीलाही एक जागा द्यायची, रिक्षाइतकीच, जास्त नाही. तिच्याकडे मुद्दाम थेट बघायचं ते चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर, तेही दोन मिनिटं, आणि परत पायाशी.

माझं पहाटेचं बसणं कधी जमलं नाही. संध्याकाळी सातला, घरात भाजी फोडणीला पडलेली असताना जमलं. वेळ तुम्ही ठरवा, पण रोज तीच ठेवा.

डोळे मिटून बसलं की आवाज दुप्पट होतो. माझ्या बाबतीत उलटं होतंय का?

उलटं नाही, सगळ्यांचं असंच होतं. शांतता झाली की खरखर उठून दिसते. दिवसा आकाशात चांदण्या असतातच, दिसत नाहीत इतकंच. खोली अगदी शांत ठेवू नका, डोळे उघडे ठेवा, वेळ कमी करा. तीन-चार आठवड्यांनंतरही बसलं की घाबरल्यासारखं होत असेल, जुने वाईट प्रसंग वर येत असतील, तर एकट्याने रेटू नका. शिकवणाऱ्याशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोला.

याला काही पुरावा आहे की नुसतं ‘बरं वाटतं’?

आहे, आणि त्याची मर्यादाही आहे. लंडनमध्ये लॉरेन्स मॅकेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुना कर्णनाद (कान वाजण्यालाच कर्णनाद म्हणतात) असलेल्या ७५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला सजगतेवर आधारित थेरपी, दुसऱ्याला शरीर सैल सोडण्याचं प्रशिक्षण, दोन्हीकडे ८ आठवडे. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांचा त्रास कमी झाला. सजगतेच्या गटाचा जास्त कमी झाला आणि ६ महिन्यांनंतरही तो फरक टिकून होता. दुसरा गट रिकामा ठेवलेला नव्हता, त्यालाही खरंच काहीतरी शिकवलं होतं, म्हणून मला हा अभ्यास प्रामाणिक वाटतो. पण ७५ माणसं म्हणजे काही फार मोठी संख्या नव्हे.

ब्रिटनमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या नाइस या संस्थेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत कर्णनादाच्या जाचासाठी मानसशास्त्रीय उपचारांमध्ये गटाने घ्यायच्या सजगतेच्या थेरपीला जागा दिली आहे. तिथे तिच्या शेजारी विचार-वर्तन थेरपीही आहे, जिला सीबीटी म्हणतात. सरळ सांगायचं तर सीबीटीच्या मागे अभ्यास जास्त आहेत. तुम्हाला चांगला सीबीटी करणारा मिळाला आणि ध्यान म्हटलं की तुमच्या अंगावर काटा येत असेल, तर खुशाल तिकडे जा.

गोळ्या चालू आहेत. बंद करू का?

स्वतःहून नाही, डॉक्टरांना विचारून. पण विचारा मात्र जरूर. आपल्याकडे कान वाजतो म्हटलं की चक्करेवरची बीटाहिस्टीन लिहून दिली जाते. नाइसच्या त्याच सूचना म्हणतात की नुसत्या कर्णनादासाठी ती देऊ नये. अमेरिकेच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये जिंको, जस्त, मेलाटोनिन ही पूरकंही यासाठी सुचवू नयेत असं म्हटलं. मी जिंकोवर किती पैसे घातले ते घरी अजून सांगितलेलं नाही. उदासी, घबराट किंवा निद्रानाश वेगळा असेल तर त्याच्या औषधांची गोष्ट वेगळी, ती चालू ठेवा.

इगतपुरीला दहा दिवस विपश्यना केली तर एकदम होऊन जाईल ना?

मुळं एकच आहेत. आपण ज्याला माइंडफुलनेस म्हणतो ती पालीतली ‘सति’, आणि पांडवलेण्यांत राहणाऱ्या भिक्खूंना ती दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होती. ते आपल्याकडे अमेरिकेला वळसा घालून परत आलं, याची मला गंमत वाटते. इगतपुरीचं विपश्यना केंद्र धम्मगिरी १९७६ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे आणि शिबिराला शुल्क नाही, म्हणून हा प्रश्न नाशिकमध्ये हमखास येतो.

पण दोन्ही एक नव्हेत. तिथे दहा दिवस मौन आणि रोज दहा तासांच्या आसपास बसणं. ज्याचा आवाज नवा आहे, जो आधीच बिथरलेला आहे, त्याने त्या शांततेत एकदम उडी मारणं म्हणजे पोहायला शिकायला पावसाळ्यात रामकुंडात उतरणं. शिवाय ते शिबिर आजार बरा करण्याचं साधन नाही, आणि गंभीर मानसिक त्रास असलेल्यांना ते तिथल्या नियमावलीतच सुचवलेलं नाही. वर्षभर घरी सराव झाला, जाच बसला, मग जायची इच्छा झाली तर जा. अर्जात कानाबद्दल खरं लिहा. मी गेलो होतो, चौथ्या वर्षी. पहिले तीन दिवस कठीण गेले, त्या दिवसांबद्दल नंतर कधीतरी.

भ्रामरी केली की आवाज येत नाही. मग हेच पुरेसं नाही का?

भ्रामरीच्या गुंजारवाने आतला आवाज तेवढ्यापुरता झाकला जातो आणि श्वास लांबतो म्हणून बरं वाटतं. करा की. फक्त ती ‘आवाज घालवायला’ करू नका, कारण थांबल्यावर तो असणारच आणि मग पुन्हा पहारा सुरू.

आमचे एक गुरुबंधू म्हणाले, हा अनाहत नाद आहे, भाग्यवान आहात.

हठयोगाच्या ग्रंथांत नादानुसंधान, म्हणजे आतल्या नादावर लक्ष लावण्याची साधना, आहे, हे खरं. पण सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग सांगितलेत आणि कान वाजणं त्यातही आहे. माझ्या बाबतीत कारण प्रेस मशीन होतं हे मला चांगलं माहीत आहे. आधी ऑडिओग्राम काढा, मग भाग्याचं बघू.

रात्री काय करायचं? दिवस कसाही जातो.

रात्रीसाठी पहिली गोष्ट, खोली शांत ठेवू नका. पंखा, कूलर किंवा मोबाइलवर पावसाचा हलका आवाज. तो आपल्या आवाजापेक्षा थोडा खालीच ठेवायचा. पूर्ण बुडवून टाकला तर मेंदूला सवय कशाची होणार? दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले पाहिजेत.

नाशिककरांसाठी एक खास सूचना. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की दरवर्षी मला फोन येतात, ‘कान वाढले’. कान वाढलेले नसतात, पंखा बंद झालेला असतो. खिडक्या लावलेल्या, रस्ता गप्प, डोक्यावरून रजई. त्या दिवसांत पंखा भिंतीकडे तोंड करून लावा किंवा पावसाचा आवाज ठेवा.

शरीरभर लक्ष फिरवण्याचा सराव अंथरुणात करा, पण झोप यावी म्हणून नको. झोप मागितली की पळते. वीस-पंचवीस मिनिटांत नाही लागली तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, डोळे जड झाले की परत या. सकाळी उठायची वेळ मात्र रोज तीच. आणि रात्री दोनला इंटरनेटवर ‘कानात आवाज उपाय’ शोधायचं नाही. हे एवढं पाळलंत तरी निम्मं काम झालं.

ऑडिओग्राममध्ये ऐकू कमी येतं असं निघालं. कानाचं मशीन लावू की सराव करू?

दोन्ही, आणि मशीन आधी. बाहेरचे आवाज नीट पोचू लागले की मेंदूला व्हॉल्यूम वाढवायची गरज कमी पडते आणि शिट्टी मागे सरकते. मला मशीनने चहाच्या कपात पडणाऱ्या साखरेचा आवाज परत मिळाला. ‘म्हातारा दिसेन’ म्हणून मी दोन वर्षं टाळलं होतं. चष्म्याची लाज वाटत नाही, मशीनची का वाटते कोण जाणे.

गणपतीत, मिरवणुकीत जाऊ की नको?

जा, पण प्लग लावून आणि ढोलाच्या अगदी समोर उभं न राहता. नाशिक ढोल छातीत वाजतो, तो कानात वाजवून घ्यायची गरज नाही. डीजेच्या भिंतीपासून लांबच. उलट घरात, बाजारात, बसमध्ये प्लग घालून फिरू नका. काही जण भीतीने तसं करतात आणि मग भांड्यांचा आवाजही सहन होईनासा होतो. तरुण मुलांसाठी एक आकडा: जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. इअरफोनचा आवाज त्यापुढे वाढवला की तास झपाट्याने कमी होतात.

ह्यांचं कान वाजणं सुरू झाल्यापासून घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. आम्ही काय करावं?

ताई, मोठ्याने बोला. भांडी वाजू द्या, नातवंडं खेळू द्या. घर जितकं गप्प तितका तो आवाज मोठा.

आणि रोज सकाळी ‘आज कसं आहे?’ विचारू नका. आमच्या हिने मायेनेच विचारायचं, पण मला उत्तर द्यायला आत जाऊन तपासावं लागायचं. आम्ही ठरवलं, रविवारी एकदाच विचारायचं. त्यांचा त्रास खोटा आहे, मनाचे खेळ आहेत, असं मात्र चुकूनही म्हणू नका. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून तो नाही असं होत नाही.

शिकवणारा कसा निवडायचा?

पहिल्या फोनवर तीन गोष्टी विचारा. ८ आठवड्यांचा अभ्यासक्रम स्वतः कुठे शिकलात? रोज सराव करता का? कान वाजणाऱ्यांसोबत काम केलंय का, आणि केलं नसेल तर मानसशास्त्राची पदवी तरी आहे का? मराठीतून शिकवतात का हेही बघा. माझ्या मते ‘बॉडी स्कॅन’, म्हणजे तो शरीरभर लक्ष फिरवण्याचा सराव, इंग्रजीत ऐकताना अर्धं लक्ष शब्दांवरच जातं. ऑनलाइन वर्गही चालतात. ‘शंभर टक्के गॅरंटी’ म्हटलं की फोन ठेवा.

सहन होत नाही. जगायचं कशाला असं वाटतं.

मग हे पान बाजूला ठेवा आणि आत्ता कोणालातरी सांगा, घरात, शेजारी, मित्राला. टेलिमानस ही सरकारी मदतवाहिनी आहे, नंबर १४४१६, फोन मोफत, रात्रंदिवस, मराठीतूनही बोलतात. जवळच्या दवाखान्यातही जाता येतं. मी त्या टोकाजवळ जाऊन आलो आहे. त्या वेळी ध्यानाला बसायचं नसतं, माणसाजवळ बसायचं असतं.

किती दिवसांत फरक पडतो?

बहुतेकांना वर्ग संपता संपता थोडा, आणि नंतरच्या काही महिन्यांत जास्त. आवाज किती मोठा आहे ते रोज लिहू नका, तो पुन्हा पहाराच. त्याऐवजी सुरुवातीला एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा ऑडिओलॉजिस्टकडून कर्णनादाची २५ प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्या. तिचे गुण ० ते १०० असतात आणि ती जाच मोजते, आवाज नाही. मला फरक कळला तो वेगळ्याच प्रकारे. एका संध्याकाळी मुलाने विचारलं, “बाबा, शिट्टी?” आणि मला आठवलं की दुपारपासून मी तिला भेटलोच नव्हतो.

चांगले सहा महिने गेले आणि परत वाढलं. सगळं पाण्यात गेलं का?

नाही. सर्दी, जागरण, घरातलं आजारपण, कोर्टकचेरी, एखादी जोराची मिरवणूक, यांनी आठ-पंधरा दिवस वर येतं. माझं गेल्या दिवाळीत आलं होतं, शेजारच्यांच्या सुतळी बॉम्बनंतर. ऐकूच कमी येऊ लागलं असेल किंवा आवाजाचा प्रकार बदलला असेल तर डॉक्टरांकडे जा. तसं नसेल तर नवं औषध, नवा वर्ग, नवे गुरू शोधायला धावू नका. पहिल्या आठवड्यावर परत या: खुर्ची, पंखा चालू, तळपाय फरशीवर, दहा मिनिटं.